नवा कार्बन भरूनही सॉल्व्हंटचा वास परत येतोय? गोण्या मागवण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच चालीवर येते. प्रोसेस व्हेंटच्या (कारखान्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) शेवटी सॉल्व्हंटची वाफ धरणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा टॉवर उभा असतो. नवा कार्बन भरला की वास बंद, आणि पुढे काही आठवडे कोणी त्या बाजूला फिरकतही नाही. मग एखाद्या रात्री शेजारच्या प्लॉटवरून फोन येतो, सकाळी मॅनेजर स्वतः चिमणीखाली उभे राहून नाक वर करतात आणि दुपारपर्यंत पुन्हा गोण्यांची ऑर्डर जाते. पुढच्या खेपेला तोच कार्बन आणखी लवकर ‘बसतो’, म्हणजे निकामी होतो. मेंटेनन्स म्हणतं माल डुप्लिकेट आला, परचेस म्हणतं रेट कमी करायला तुम्हीच सांगितलं होतं, सप्लायर म्हणतो तुमचा लोड, म्हणजे कार्बनवर येणारा भार, वाढलाय. तिघांत सप्लायरच बऱ्याचदा खरं बोलत असतो. पण कोणता लोड आणि कुठून आला, हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याने तुमचा प्लांट बघितलेलाच नसतो.

पुढे जे लिहितोय ते मुख्यतः बल्क ड्रग, रंग आणि रेझिनच्या युनिटसाठी आहे. तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ या पट्ट्यात असे टॉवर ढिगाने आहेत. वायूत एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड), मिथेनॉल, टोल्युइन, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट यांची सरमिसळ, काम बॅचचं, आणि कार्बन एकदा भरला की संपेपर्यंत तोच. वाफेने रिजनरेट (पुन्हा वापरण्याजोगा) होणाऱ्या बेडचं, म्हणजे टॉवरमधल्या कार्बनच्या थराचं, गणित वेगळं आहे, त्यावर पुढे थोडं लिहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खराब कार्बन येतो, पण क्वचित. बिघाड बहुतेक वेळा बेडच्या आधी असतो: डक्टमध्ये, स्क्रबरमध्ये (वायू पाण्याने धुणारं यंत्र), कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून द्रव करणारं यंत्र) किंवा ‘एकाच ब्लोअरला सगळं जोडून टाका’ या निर्णयात.

वास नेमका कधी येतो?

कोणताही नट खोलण्याआधी शिफ्टच्या वहीत हे शोधा. वास ठरावीक बॅचच्या डिस्टिलेशनला येत असेल तर कंडेन्सरकडे बघा. कार्बन भरल्यावर एक-दोन दिवसांतच आला तर गॅस बेडला वळसा घालून जातोय किंवा लोडचा हिशेब मुळातच केलेला नाही. जून ते सप्टेंबरमध्येच येत असेल तर आर्द्रता. सॉल्व्हंट बदलल्यावर दुसऱ्याच सॉल्व्हंटचा वास आला तर विस्थापन (एका सॉल्व्हंटने दुसऱ्याला बेडमधून हटवणं), ज्यावर पुढे सविस्तर लिहिलंय. आणि फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येत असेल तर घाई करू नका. थंडीत जमिनीलगत गार हवेचा थर अडकून बसतो, चिमणीतून नेहमीइतकंच निघालेलं पातळ होत नाही आणि गावापर्यंत पोचतं. अशा वेळी बेड पूर्वीइतकाच चांगला किंवा वाईट असतो, फक्त आकाशाने झाकण घातलेलं असतं.

पावसाळा आणि पाणी

कार्बनला पाणी फारसं आवडत नाही असं आपण शिकलेलो असतो, आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर ते खरंही आहे. पण ५०-६० टक्क्यांच्या पुढे चित्र एकदम पालटतं. बारीक छिद्रांत पाण्याची वाफ द्रव होऊन साचू लागते. हवा जवळजवळ संपृक्त असेल तर कार्बन स्वतःच्या वजनाच्या ३०-४० टक्के पाणी पिऊ शकतो. ती जागा सॉल्व्हंटसाठी होती. टोल्युइनसारखं जड आणि पाण्यात न मिसळणारं सॉल्व्हंट पाण्याला थोडंफार ढकलून जागा करून घेतं. एमडीसीला ते जमत नाही, त्यातही वायूत त्याचं प्रमाण कमी असेल तर अजिबातच नाही.

कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच ९० टक्क्यांच्या वर असते. त्यात भर म्हणजे आपण बेडच्या आधी वॉटर स्क्रबर लावतो, म्हणजे बेडला बारा महिने पावसाळाच. स्क्रबरमधून निघणारा वायू जवळपास १०० टक्के ओला असतो, आणि डेमिस्टरची (थेंब अडवणारी) जाळी सरकली असेल किंवा चोक झाली असेल तर बारीक थेंबही सोबत येतात.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. टॉवरच्या तळाचा ड्रेन उघडा. कोरड्या बेडमधून काहीही यायला नको. मी पाहिलेल्या एका युनिटमध्ये ड्रेन उघडल्यावर आधी गुळगुळ आवाज झाला आणि मग काळ्या चहासारखं पाणी बादलीभर आलं. वर मॅनहोलमधून पाहिलं तर कार्बनचा वरचा थर ओलसर चमकत होता, मुठीत घेतला की ढेकूळ होत होतं. त्या कार्बनची गोणी प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट आली होती आणि दाखला खराही होता. स्क्रबरचा डेमिस्टर मात्र कधीतरी काढून बाजूला ठेवलेला होता, प्रेशर ड्रॉप वाढतो म्हणून.

उपाय सरळ आहे, पण क्रम चुकला तर उपयोग नाही: स्क्रबर, मग डेमिस्टर, मग हीटर, मग कार्बन. वायूचं तापमान १० अंशांनी वाढवलं की सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. २८ अंशाची ९५ टक्के ओली हवा ३८ अंशांवर नेली तर आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास उतरते. तासाला २००० घनमीटर हवा १० अंशांनी तापवायला साधारण साडेसहा किलोवॅट लागतात. कार्बनच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. इलेक्ट्रिक हीटर मात्र सॉल्व्हंटच्या डक्टमध्ये घालू नका. गरम पाण्याची किंवा लो-प्रेशर वाफेची कॉइल घाला.

तापमान ४०-४५ च्या पुढे नेऊ नका. गरम झाला की कार्बन सॉल्व्हंटही कमी धरतो, आणि एमडीसीसारख्या ३९.६ अंशांना उकळणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत ती घट लगेच जाणवते. चिल्ड वॉटर उपलब्ध असेल तर वायू आधी १५ अंशांपर्यंत थंड करून पाणी गाळून घ्या आणि मग ३० पर्यंत तापवा. आर्द्रता ४० टक्क्यांवर येते आणि बेडही थंड राहतो. एमडीसी मुख्य असेल तर मी हाच मार्ग सुचवतो.

बेडमध्ये नक्की पाणीच आहे की सॉल्व्हंट, हे ओव्हनमधल्या वजनघटीवरून कळत नाही, कारण दोन्ही उडून जातात. शिवाय सॉल्व्हंट भरलेला कार्बन साध्या ओव्हनमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. झायलीनबरोबर उकळून पाणी वेगळ्या नळीत मोजण्याची जुनी पद्धत इथे कामाला येते. मात्र सॉल्व्हंटमध्ये मिथेनॉल असेल तर तो पाण्याच्या थरात उतरून आकडा फुगवतो, हे केमिस्टला आधीच सांगा.

टोल्युइन आलं की एमडीसी बाहेर

सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारी भानगड हीच. कार्बन सगळ्यांना सारखं धरत नाही. ढोबळमानाने उकळबिंदू जितका जास्त आणि रेणू जितका जड, तितकी पकड घट्ट. टोल्युइन ११०.६ अंशांना उकळतं, मिथेनॉल ६४.७ ला, ॲसिटोन ५६ ला, एमडीसी ३९.६ ला. सोमवारी एमडीसीची बॅच झाली, बेडने ते धरलं. बुधवारी टोल्युइनची बॅच सुरू झाली की टोल्युइन बेडमध्ये शिरतं आणि आधी बसलेल्या एमडीसीला उठवतं. लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्या माणसासारखी एमडीसीची अवस्था असते, पहिला धक्का त्यालाच. परिणाम असा की प्लांटमध्ये त्या दिवशी एमडीसीचा थेंब वापरलेला नसताना चिमणीतून एमडीसी बाहेर पडतं, आणि तेही कधी कधी आत येत होतं त्याहून जास्त प्रमाणात. ऑपरेटर शपथेवर सांगतो की आज एमडीसी चालूच नव्हतं. तो खोटं बोलत नसतो.

म्हणून ‘कुठल्या सॉल्व्हंटसाठी बेड डिझाइन केलाय’ या प्रश्नाला ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर चालत नाही. मिश्रणात जो सगळ्यात हलका, तोच बेडचं आयुष्य ठरवतो. यातून वाट काढायचे दोन-तीन मार्ग आहेत. एमडीसीच्या व्हेंटला स्वतंत्र छोटा बेड द्या. किंवा एमडीसी कंडेन्सरमध्येच पकडा, म्हणजे बेडपर्यंत थोडंच पोचेल. मिथेनॉल आणि ॲसिटोन पाण्यात पूर्ण मिसळतात, तेव्हा त्यांचं काम वॉटर स्क्रबरला द्या. स्क्रबरचं पाणी मात्र वेळच्या वेळी बदलावं लागतं, नाहीतर तेच पाणी हवेत मिथेनॉल परत सोडू लागतं. एमडीसी पाण्यात जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत विरघळतं, त्यामुळे स्क्रबर लावून एमडीसी अडवल्याचं समाधान मानून घेऊ नका.

मिथेनॉलची कार्बनवरची पकड किती कच्ची आहे याचा एक पुरावा कामगारांच्या एक्स्पोजरच्या मोजमापात सापडतो. बहुतेक सॉल्व्हंट मोजायला कोळशाची नळी वापरतात. मिथेनॉलसाठी मात्र सिलिका जेलची.

आम्ल वायूंचीही हीच गत. हायड्रोजन क्लोराइड किंवा सल्फर डायऑक्साइड साध्या कार्बनवर सोडू नका, ते कॉस्टिक स्क्रबरचं काम. हायड्रोजन सल्फाइडला अल्कली लावलेला, अमोनियाला आम्ल लावलेला आणि पाऱ्याला गंधक लावलेला कार्बन लागतो. साध्या नारळाच्या करवंटीच्या कार्बनकडून ही अपेक्षा ठेवली की तक्रार ठरलेलीच.

मीटर शून्य दाखवतोय, तरी गडबड आहे

आता ज्या गोष्टीमुळे महिनोन्‌महिने चुकीच्या दिशेने शोध चालतो ती बघा. सेफ्टी ऑफिसरकडे हातात धरायचा, हवेतली सॉल्व्हंटची वाफ मोजणारा पीआयडी (फोटो-आयनायझेशन डिटेक्टर) मीटर असतो. तो चिमणीच्या सॅम्पल पोर्टला लावतात, आकडा शून्य येतो आणि ‘बेड चांगला आहे’ असा शेरा वहीत पडतो.

पीआयडीमध्ये अतिनील दिवा असतो. त्या दिव्याच्या उर्जेने ज्या रेणूचं आयनीभवन होतं तेवढाच मीटरला दिसतो. बहुतेक मीटरांत १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असतो. टोल्युइनला ८.८ पुरतात, ॲसिटोनला ९.७, इथाइल ॲसिटेटला १०.०, म्हणजे हे सगळे दिसतात. मिथेनॉलला १०.८५ लागतात आणि एमडीसीला ११.३. म्हणजे बेडमधून सगळ्यात आधी निसटणारे दोघेही या मीटरला दिसतच नाहीत. ११.७ चा दिवा मिळतो, पण त्याची खिडकी ओलाव्याने खराब होते आणि आयुष्य कमी, म्हणून कोणी घेत नाही. दमट वायूत साध्या दिव्याचा आकडाही खाली पडतो, तो भाग वेगळाच.

नाकावरही विसंबू नका. एमडीसीचा वास बहुतेकांना साधारण २०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) आसपास जाणवायला लागतो, तोपर्यंत बरंच काही निघून गेलेलं असतं. थोडा वेळ थांबलात तर नाक सरावतं, मग तेवढाही येत नाही.

मग मोजायचं कशाने? हायड्रोजनच्या ज्योतीवर चालणारा एफआयडी दोन्ही पकडतो. तो नसेल तर त्या-त्या पदार्थाची काचेची डिटेक्टर ट्यूब घ्या. रोजच्या तपासणीला ती पुरेशी आहे आणि शिफ्ट इनचार्जलाही जमते. महिन्यातून एकदा सॅम्पल बॅगेत वायू भरून क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, चालवा. औषधाच्या कारखान्यात जीसी असतोच, फक्त पर्यावरणाच्या कामाला तो मिळवणं ही वेगळी लढाई असते. सॅम्पल कुठल्या बॅचच्या कुठल्या टप्प्यावर घेतलं ते बाटलीवर किंवा बॅगेवर लिहा. चार्जिंग, हीटिंग आणि व्हॅक्यूम सोडण्याच्या वेळचे आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

कागदावरचा हिशेब

बेड किती टिकायला हवा होता, हा प्रश्न विचारल्यावर बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते. हिशेब पाच मिनिटांचा आहे.

समजा ब्लोअर तासाला २००० घनमीटर हवा ओढतो आणि त्यात सरासरी २०० पीपीएम टोल्युइन आहे. एक पीपीएम टोल्युइन म्हणजे घनमीटरला सुमारे ३.७७ मिलिग्रॅम. म्हणजे तासाला दीड किलो, दिवसाला ३६ किलो. टॉवरमध्ये ६०० किलो कार्बन आहे आणि तो वजनाच्या २० टक्के टोल्युइन धरतो असं मानलं तर एकूण १२० किलो. सव्वातीन दिवस.

हो, दिवस. हाच टॉवर सहा महिने चालेल असं कोटेशनमध्ये लिहिलेलं मी पाहिलंय. एमडीसीसाठी आकडा आणखी खाली येतो. २०० पीपीएमला दिवसाला ३३ किलोच्या आसपास एमडीसी येतं आणि एवढ्या पातळ वायूतून कार्बनने पाच-सात टक्के धरलं तरी नशीब. म्हणजे फारतर सव्वा दिवस. खरा वायू सतत २०० पीपीएम नसतो, बॅचप्रमाणे चढतो-उतरतो, म्हणून बेड जास्त टिकतो. पण सरासरी काय ते मोजल्याशिवाय ‘कार्बन लवकर गेला’ हे वाक्य अर्थहीन आहे.

त्याच बरोबर वेगही बघा. बेडमधून हवा सेकंदाला ०.२ ते ०.५ मीटरने जावी. दीड मीटर व्यासाच्या टॉवरमधून २००० घनमीटर नेले तर वेग ०.३१ पडतो, ठीक आहे. जागा नाही म्हणून ८०० मिलिमीटरचा टॉवर बसवला तर तोच वेग १.१ वर जातो. मग रेणूला थांबायला वेळच मिळत नाही, आणि बेडमधला बराच कार्बन कोरा असतानाही चिमणीतून वास येतो.

आता दुसरं टोक. चार्जिंग हूड, पॅकिंग रूमचं एक्झॉस्ट आणि रिॲक्टरचे व्हेंट एकाच हेडरला (सामायिक पाइपला) जोडलेले असतील तर ते आधी वेगळे करा. खोलीतली हजारो घनमीटर ओली हवा बेडवर नेली की सॉल्व्हंट पातळ होतं, पातळ वायूतून कार्बन कमी धरतो, आणि वर पाण्याचा लोड. रिॲक्टरचा व्हेंट म्हणजे थोडा पण घट्ट (सॉल्व्हंटचं प्रमाण जास्त असलेला) वायू. त्याची योग्य जागा कंडेन्सर.

कंडेन्सर नावापुरता असेल तर

एमडीसीच्या रिॲक्टरच्या व्हेंटवर कूलिंग टॉवरचं ३०-३२ अंशांचं पाणी फिरत असेल तर तो कंडेन्सर शोभेचा आहे. ३० अंशांना संपृक्त होऊन बाहेर पडणाऱ्या वायूत साधारण ७० टक्के एमडीसीच असतं. ० अंशाला १९ टक्के, उणे १५ ला ९ टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजनच्या प्रत्येक घनमीटरमागे किती एमडीसी निसटतं ते काढलं तर ३० अंश आणि उणे १५ यांत जवळपास पंचवीसपट फरक पडतो. तेवढं काम कार्बनवर टाकायचं की ब्राइनवर (शून्याखाली थंड केलेल्या खारट पाण्यावर), हे ठरवायला फार हुशारी लागत नाही. व्हेंटमध्ये पाण्याची वाफ असेल तर ब्राइन कंडेन्सरमध्ये बर्फ धरतो, म्हणून त्याआधी साध्या चिल्ड वॉटरचा एक टप्पा ठेवा.

नायट्रोजनचं पर्जही (रिॲक्टरमधून सोडलेला नायट्रोजन) बघून घ्या. रोटामीटरचा (प्रवाह दाखवणाऱ्या नळीचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून ‘सेफ्टीसाठी’ रात्रभर नायट्रोजन सोडला जातो आणि तो प्रत्येक घनमीटरबरोबर सॉल्व्हंट उचलून बेडवर नेतो. सेफ्टीला लागतो तेवढाच ठेवा, पण लागतो त्याहून कमीही करू नका.

बेडची झटपट तपासणी

टॉवरच्या दोन्ही बाजूंना रंगीत पाण्याची यू-ट्यूब (दाबातला फरक दाखवणारी वाकडी नळी) लावा आणि नवा बेड भरल्याच्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. पुढे आकडा वाढला तर धूळ, भुकटी किंवा चिकट पदार्थ साचलाय. आकडा घटला तर बेडमध्ये वाट पडलीय, बायपास डॅम्परमधून (बेड टाळणाऱ्या वाटेच्या झडपेतून) वायू गळतोय किंवा ब्लोअरचा बेल्ट सैल झालाय. बेड खाली बसला की भिंतीलगत फट राहते, मॅनहोलमधून टॉर्च मारला तर कडेला खड्डा दिसतो. कार्बन ओतताना एकाच जागी ढीग करू नका, गोल फिरवत भरा.

ड्रेन लाइनचा यू-सील (पाणी साठवून वायू अडवणारं वळण) विसरला जातो. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटतं आणि ब्लोअर बेडच्या आधी असेल तर दाबाखालचा कच्चा वायू थेट गटाराकडून बाहेर येतो. वास टॉवरच्या पायथ्याशी येत असेल तर आधी तिथेच बघा.

माल घेताना

दाखल्यावर फक्त आयोडीन नंबर (कार्बन किती आयोडीन शोषतो तो आकडा) असेल तर समाधान मानू नका. ती पाण्यातली चाचणी आहे. वायूसाठी सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) किंवा ब्यूटेन ॲक्टिव्हिटी, म्हणजे कार्बन त्यांची वाफ किती धरतो तो आकडा, मागा. सॉल्व्हंटच्या कामाला सीटीसी ६० टक्क्यांच्या खाली घेऊ नका. ओलावा पाच टक्क्यांच्या आत असावा, कारण आपण किलोवर पैसे देतो आणि पाणीही किलोतच मोजलं जातं.

गेटवर करता येईल अशी एक साधी चाचणी आहे. एक लिटरचा मोजपात्र हलकेच ठोकत भरा आणि वजन करा. चांगल्या करवंटीच्या कार्बनचं वजन साधारण ४५० ते ५२० ग्रॅम येतं. ५८० च्या घरात गेलं तर तो कमी ॲक्टिव्हेट झालाय, ओला आहे किंवा आधी कुठेतरी वापरून परत विकलेला आहे. अशा गोण्या उतरवून घेऊ नका.

इथे जीव जाऊ शकतो

कीटोन वर्गाची सॉल्व्हंट, म्हणजे एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), एमआयबीके (मिथाइल आयसोब्यूटाइल कीटोन), सायक्लोहेक्झानोन, बेडवर येत असतील तर हा भाग दोनदा वाचा. कार्बनच्या पृष्ठभागावर त्यांचं ऑक्सिडेशन होतं, उष्णता निघते, आणि हवेचा प्रवाह कमी असेल तर ती बाहेर पडत नाही. म्हणून भरलेला बेड तसाच ठेवून रात्री ब्लोअर बंद करणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ. कोरा, कोरडा कार्बन आणि पहिल्याच दिवशी घट्ट वायू, हेही तितकंच वाईट. बेडमध्ये वेगवेगळ्या उंचीवर तापमापी बसवा. बाहेर जाणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढतोय का ते बघा, तो तापमानाच्याही आधी खबर देतो. बेड धुमसतोय अशी शंका आली तर मॅनहोल उघडू नका, कारण आत गेलेली हवा आग पेटवते. इनलेट-आउटलेट बंद करून नायट्रोजन द्या आणि पाण्याचा फवारा त्यासाठीच बसवलेल्या नोझलमधून मारा.

दुसरं, टॉवरमध्ये उतरणं. ओला कार्बन बंद टाकीतला ऑक्सिजन शोषून घेतो. कुठलाही विषारी वायू नसतानाही माणूस आत बेशुद्ध पडू शकतो. वर एमडीसीची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, ती तळाशी साचून राहते. ऑक्सिजन मोजल्याशिवाय, परमिटशिवाय, बाहेर माणूस आणि दोर ठेवल्याशिवाय कंत्राटी कामगाराला फावडं देऊन आत पाठवू नका. पीआयडीचं शून्य इथे अजिबात ग्राह्य धरू नका, कारण त्याला एमडीसी दिसत नाही हे वर आलंच आहे.

वाफेवर रिजनरेट होणारे बेड असतील तर

इथे तक्रार वेगळी असते: प्रत्येक सायकलनंतर बेड थोडा थोडा लहान झाल्यासारखा वागतो. जास्त उकळबिंदूचे पदार्थ आणि स्टायरीन, ॲक्रिलेटसारखे कार्बनवरच पॉलिमर होणारे पदार्थ वाफेने निघत नाहीत, आतच साचत जातात. त्यांच्यासाठी बेडच्या आधी स्वस्त कार्बनचा छोटा बळीचा थर ठेवा आणि तो नियमित टाकून द्या. वाफेनंतर बेड कोरडा आणि थंड न करता लाइनवर घेतला तर पहिल्या तासालाच सॉल्व्हंट निसटतं. क्लोरीन असलेली सॉल्व्हंट वाफेत थोडी फुटून आम्ल तयार होतं, तेव्हा कंडेन्सेटचा पीएच बघत राहा. साधं स्टील तिथे टिकत नाही.

वापरलेल्या कार्बनचं काय

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली हा कार्बन घातक कचराच. बंद ड्रममध्ये, लेबल लावून, मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदीच्या कागदासह) तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या सामायिक केंद्राकडे पाठवायचा. शेवटी कोळसाच आहे म्हणून बॉयलरमध्ये टाकण्याचा मोह होतो. एमडीसी भरलेला कार्बन बॉयलरमध्ये जाळला तर हायड्रोजन क्लोराइड तर निघतोच, वर डायऑक्सिन तयार होण्याची शक्यता असते. ड्रम उन्हात ठेवू नका, तापला की त्यातूनच सॉल्व्हंट परत सुटतं.

आणि शक्य असेल तर एका मोठ्या टॉवरऐवजी दोन टॉवर मालिकेत लावा, मधल्या पाइपवर सॅम्पल पोर्ट ठेवा. मधल्या पोर्टवर सॉल्व्हंट दिसलं की पहिला रिकामा करायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी घ्यायचं आणि नवा कार्बन शेवटच्या जागी भरायचा. पहिला टॉवर अशा पद्धतीने पूर्ण भरेपर्यंत वापरता येतो, कारण निसटलेलं पकडायला मागे दुसरा उभा असतो. व्हॉल्व्हची अदलाबदल कुठल्या क्रमाने करायची त्याचा तक्ता टॉवरवरच, पावसात न पुसला जाणाऱ्या रंगात लिहून ठेवा. रात्रपाळीला फाइल शोधायला कोणी ऑफिसात जात नाही.